दोन सुफेत, १०४ न्यायाधीश आणि ३०० शहरं

कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं प्राचीन राज्य, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रोमशी लढलेला हॅनिबल, त्याचे हत्ती आणि आल्प्समधला बर्फ एवढंच येतं. त्या हॅनिबलला सेनापती कोणी नेमलं, त्याच्या फौजेचा पगार कुठल्या तिजोरीतून निघत होता, तो हरून परतला तर त्याला जाब विचारायचा हक्क कोणाला होता, हे सहसा कोणी विचारत नाही. कार्थेज समजतं ते मात्र याच प्रश्नांतून. हे राज्य चालवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एका गोष्टीची धास्ती होती: आपल्यातलाच कोणी डोईजड होईल याची. त्यांच्या बहुतेक संस्था या धास्तीतून घडलेल्या दिसतात, आणि पुढे घोडं अडलं तेही तिथेच.

आधी आपल्याला हे सगळं कळतं कुठून, ते सांगायला हवं. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज जमीनदोस्त केलं तेव्हा तिथली ग्रंथालयं आफ्रिकेतल्या स्थानिक राजांना देऊन टाकली. रोमच्या सिनेटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठांच्या सभेने, आपल्यासाठी राखला तो एकच ग्रंथ, मागो नावाच्या लेखकाचा शेतीवरचा, २८ भागांचा. त्याचं लॅटिन भाषांतर मुद्दाम करवून घेतलं. कार्थेजच्या लोकांनी स्वतःच्या राज्याबद्दल काय लिहिलं होतं ते गेलं ते गेलंच. आता आपल्या हाती आहेत ॲरिस्टॉटल, पॉलिबिअस, लिव्ही, डायोडोरस आणि ॲपिअन. सगळे ग्रीक नाहीतर रोमन, म्हणजे परके, आणि त्यातले बरेचसे विजेत्यांच्या पंगतीत बसलेले. कार्थेजचे स्वतःचे कोरीव लेख हजारोंनी सापडलेत, पण त्यातले बहुतेक देवाला केलेल्या नवसाचे, तेच ते ठरावीक मजकुराचे. मधूनच एखादा लेख असा निघतो की त्यात राज्यकारभाराची झलक दिसते. त्यातले दोन पुढे येतील.

शहर कसं होतं

आजच्या ट्युनिस शहराचं एक सधन उपनगर म्हणजे कार्थेज. परंपरेने सांगितलेलं स्थापनेचं वर्ष इ.स.पू. ८१४. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर टायर नावाचं फिनिशियन बंदर होतं. तिथली राजकन्या एलिसा भावाच्या जाचाला कंटाळून माणसं घेऊन निघाली आणि इथे उतरली, अशी कथा आहे. रोमनांनी तिलाच डायडो म्हटलं. कथेचं सोडून देऊ. जमिनीतून निघणारे अवशेष इ.स.पू. आठव्या शतकापर्यंत जातात, म्हणजे तारीख फारशी चुकलेली नाही.

जागा व्यापाऱ्याच्या नजरेने निवडलेली आहे. समुद्रात शिरलेली भूमी, मागे अरुंद पट्ट्याने मुख्य जमिनीशी जोडलेली. समोर सिसिली, आणि भूमध्य समुद्र तिथे इतका निमुळता होतो की पूर्वेकडून पश्चिमेला जाणारं जहाज कार्थेजच्या नजरेतून सुटणं अवघड. गोड्या पाण्याची नदी मात्र शहरात नव्हती. त्यामुळे घराघरांखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी असे. उत्खननात अशी टाकी पदोपदी सापडतात.

मध्यभागी बिर्सा नावाची टेकडी. तिच्या माथ्यावर एश्मुन या देवाचं मंदिर होतं आणि वर जायला ६० पायऱ्या होत्या, असं ॲपिअन सांगतो. हे मंदिर नुसतं पूजेचं नव्हतं. इ.स.पू. १७४ मध्ये मॅसिडोनियाच्या राजाचे दूत गुपचूप आले तेव्हा कार्थेजच्या ज्येष्ठांची सभा रात्री याच मंदिरात भरली होती, असा आरोप रोममध्ये झाला. टेकडीच्या पायथ्याशी बाजारचौक, आणि चौकातून वर जाणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली घरं. रोमन सैनिकांना १४६ मध्ये शेवटची लढाई याच घरांतून, गच्च्यांवर फळ्या टाकून, एका छपरावरून दुसऱ्यावर जात लढावी लागली. त्या उंच घरांनी त्याआधी दीडेकशे वर्षांपूर्वी राज्यही वाचवलं होतं, ते पुढे सांगतो.

आणि बंदर. कार्थेजबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी बंदर निवडेन. खरं तर एकाला लागून एक अशी दोन बंदरं होती, दोन्ही खोदून तयार केलेली. समुद्राकडून आत यायची वाट एकच, ७० फूट रुंद, लोखंडी साखळ्यांनी बंद करता येणारी. पहिलं बंदर व्यापारी जहाजांचं. त्याच्या आतलं गोल बंदर आरमाराचं, मध्ये बेट, आणि कडेने व बेटावर मिळून २२० युद्धनौका ठेवायच्या छपराच्या गोद्या. प्रत्येक गोदीच्या तोंडाशी दोन खांब, त्यामुळे सगळं बंदर एखाद्या स्तंभमंडपासारखं दिसे. बेटावर नौदलप्रमुखाचं ठाणं. तिथून तुतारीने इशारे देत आणि भर समुद्रावर नजर ठेवत. गोल बंदराभोवती दुहेरी भिंत होती, म्हणजे शेजारच्या बंदरात माल उतरवणाऱ्या व्यापाऱ्यालाही आत किती नौका आहेत ते दिसू नये. हे वर्णन ॲपिअनचं. उत्खननात बेटावरच्या गोद्यांचे उतार खरोखर सापडले. आज तिथे दोन शांत तळी आहेत आणि काठावर बंगले.

यात एक मजेदार गोष्ट आहे. सापडलेली खापरं पाहता हे गोल बंदर या रूपात इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण इ.स.पू. २०१ च्या तहाने कार्थेजला फक्त १० युद्धनौका ठेवायची परवानगी होती. दहा नौकांसाठी २२० गोद्या कोण बांधतं? हे रोमला दिसत नसेल असं मला वाटत नाही.

सामान्य माणूस कसा राहत होता हे पाहायचं तर कार्थेजपेक्षा केर्कुआनला जावं. बॉन भूशिराच्या टोकाशी असलेलं हे छोटं शहर इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यात, पहिल्या रोमन युद्धाच्या सुमारास ओसाड पडलं आणि पुन्हा वसलंच नाही. रोमनांनी त्यावर काही बांधलं नाही म्हणून ते वाचलं. १९५२ मध्ये ते सापडलं आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. आखीव रस्ते, अंगणाभोवती खोल्या, आणि घरोघरी न्हाणीघर: बसून अंघोळ करायची गिलाव्याची लालसर टाकी, पाणी बाहेर जायला उतार. जांभळा रंग काढायला वापरलेल्या शंखांचे ढीगही तिथे सापडले. बाहेर सार्वजनिक स्नानगृहात जाण्यापेक्षा घरात अंघोळ करणारे हे लोक होते.

दोन सुफेत

आता कारभार. वर दोन सुफेत. सुफेत म्हणजे मूळ अर्थाने न्यायाधीश. ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या 'शास्त्यां'साठीही याच मुळाचा शब्द येतो. दरवर्षी दोघांची निवड होई, आणि निवडताना कर्तबगारीबरोबर संपत्ती पाहिली जाई. सभा बोलावणं, विषय मांडणं, न्यायनिवाडा ही त्यांची कामं. वर्षाची ओळखही त्यांच्याच नावाने: 'अमुक आणि तमुक सुफेत असताना'.

कार्थेजमध्ये सापडलेला एक लेख याच पद्धतीने सुरू होतो. नव्या वेशीकडे जाणारा रस्ता त्या वर्षी खुला झाला, त्याची ती नोंद. सुफेतांच्या नावांमागोमाग कामात हातभार लावणाऱ्यांची यादी येते: व्यापारी, हमाल, सोनार, वेगवेगळे कारागीर. शेवटी ताकीद, की हा लेख कोणी खराब केला तर हिशेबनीस त्याला दंड करतील. मला हा लेख फार आवडतो. बाकी सगळीकडे सेनापती आणि तह. इथे एक रस्ता, तो करणारी माणसं आणि दंडाची धमकी देणारं सरकारी खातं.

सुफेतांबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फौज त्यांच्या हाती नव्हती. रोमचे दोन कॉन्सल शहराचा कारभारही पाहत आणि सैन्य घेऊन लढायलाही जात. कार्थेजने ही दोन कामं तोडून वेगळी केली. सुफेत घरचे, सेनापती बाहेरचे. ग्रीक लेखक सुफेतांना कधी कधी सरळ 'राजे' म्हणतात, त्यामुळे पुढे बराच गोंधळ झाला. वर्षभरापुरता निवडलेला आणि तलवार हातात नसलेला माणूस म्हणजे राजा नव्हे.

सुफेतांच्या शेजारी ज्येष्ठांची सभा, काही शे श्रीमंत घराण्यांतल्या पुरुषांची. युद्ध, तह, परराष्ट्रांचे दूत, पैसा, सगळं तिथे येई. तिच्या आत ३० जणांचं एक लहान मंडळ होतं आणि खरी सूत्रं तेच हलवी. इ.स.पू. २०३ मध्ये रोमन सेनापती स्किपिओ शहराच्या दाराशी आला तेव्हा तह मागायला हेच तीस जण गेले आणि त्याच्यापुढे त्यांनी लोटांगण घातलं, असं लिव्ही लिहितो.

मग नागरिकांची सभा. तिचं काम ॲरिस्टॉटलने नेमकं सांगितलं आहे. सुफेत आणि ज्येष्ठ यांचं एकमत झालं तर विषय लोकांपुढे न्यायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर. एकमत झालं नाही तर तो लोकांपुढे जाणारच. आणि एकदा गेला की लोकांनी फक्त मान डोलवायची असं नव्हतं. कोणीही उठून विरोधात बोलू शके आणि निर्णय लोकांचा. हा हक्क स्पार्टा आणि क्रीटमध्येही नव्हता, असं तो मुद्दाम नोंदवतो. म्हणजे वरचे आपसांत भांडले की खालच्यांना आवाज मिळे. साहजिकच भांडण चव्हाट्यावर येऊ न देण्याकडे वरच्यांचा कल असणार.

एकशे चार

आता या यंत्रातला सगळ्यात चमत्कारिक भाग. इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकात मागो नावाच्या एका सेनापतीच्या (शेतीवाला मागो वेगळा) घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सैन्य आपल्या ताब्यात ठेवलं. एवढं बळ एका घरात साठणं धोक्याचं, हे इतर घराण्यांना उमगलं आणि ज्येष्ठांतूनच शंभर न्यायाधीशांचं मंडळ नेमलं गेलं. ॲरिस्टॉटल आकडा १०४ देतो. त्यांचं काम एकच: लढाईवरून परतलेल्या सेनापतीचा हिशेब घेणं. बाहेर असताना तू काय केलंस, का केलंस, किती माणसं गमावलीस.

आणि शिक्षा जबरी होत्या. इ.स.पू. २६४ मध्ये सिसिलीतल्या मेसानाचा गड एका कार्थेजी सेनापतीने लढाई न करता सोडला. ज्या घटनेतून पहिलं रोमन युद्ध पेटलं ती हीच. त्या सेनापतीला कार्थेजने क्रुसावर चढवलं. अक्कल आणि हिंमत दोन्ही नसल्याबद्दल, असं पॉलिबिअस कारण देतो.

याचा परिणाम काय होतो? डायोडोरसने ते एका वाक्यात पकडलं आहे. कार्थेजचे लोक युद्धात मोठ्या माणसांना पुढे करतात आणि शांतता आली की मत्सराने त्यांच्यावरच खटले भरतात. म्हणून काही सेनापती पद सोडून पळतात आणि काही हुकूमशहा व्हायला बघतात. हे तो बोमिलकार या सेनापतीच्या संदर्भात म्हणतो. इ.स.पू. ३०८ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराचा सत्ताधीश अगाथोक्लीस आफ्रिकेत उतरून कार्थेजच्या आसपासचा मुलूख लुटत होता. त्या गडबडीत बोमिलकारने ५०० नागरिक आणि हजारेक भाडोत्री सैनिक घेऊन शहराच्या चौकात घुसून स्वतःला सत्ताधीश जाहीर केलं. लोक चौकाभोवतीच्या उंच घरांवर चढले आणि वरून मारा सुरू केला. बंड तिथेच संपलं आणि बोमिलकारचे हाल हाल करून त्याला मारलं. कार्थेजच्या इतिहासात एक माणूस राज्य बळकावायच्या जवळ आला असे प्रसंग फार थोडे, त्यातला हा एक. बंड झालं ॲरिस्टॉटलच्या मृत्यूनंतर, नाहीतर 'कार्थेजमध्ये सांगण्याजोगं बंड झालं नाही आणि हुकूमशहाही झाला नाही' हे वाक्य त्याला जरा सावरून लिहावं लागलं असतं.

या १०४ जणांना निवडणारी पाच-पाच जणांची मंडळं होती. ती कशी बनत? आपले सदस्य आपणच निवडून. पद मिळण्याआधी आणि सुटल्यावरही त्यांची सत्ता चालूच राही, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. सहकारी संस्थांच्या निवडणुकांत 'पॅनेल' कशी उभी राहतात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको.

ॲरिस्टॉटलच्या मनात कार्थेजबद्दल आदर आहे. ग्रीक नसलेलं हे एकच राज्य त्याने आदर्श घटनांच्या चर्चेत स्पार्टा आणि क्रीटच्या ओळीत बसवलं. पण दोन गोष्टी त्याला खटकतात. एक, इथे एकच माणूस अनेक पदं धरून बसतो. बासरी वाजवायची आणि जोडेही शिवायचे असं एकाच माणसाला सांगू नये, असं तो म्हणतो. दुसरी अधिक गंभीर. सुफेतपद आणि सेनापतिपद ही सगळ्यात मोठी पदं विकत मिळतात. ज्याने पद पैसे मोजून घेतलं तो ते पैसे वसूल करणारच, आणि मग सगळ्या राज्यालाच गुणांपेक्षा पैसा मोठा वाटू लागतो. गरिबांचा असंतोष शमवायची कार्थेजची युक्तीही त्याने हेरली: लोकांचे जथे वेळोवेळी ताब्यातल्या शहरांकडे पाठवायचे, तिथे ते पैसा करतात आणि शांत होतात. हे नशिबाच्या भरवशावर चाललंय, एखादं संकट आलं आणि प्रजा उठली तर कायद्यात त्यावर उपाय नाही, असा त्याचा शेरा. तो शंभर वर्षांनी खरा ठरला.

शहरांचं जाळं

कारण कार्थेज म्हणजे एकच शहर नव्हतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात शेवटचं युद्ध सुरू झालं तेव्हा सुद्धा, सगळी समुद्रापारची सत्ता गेल्यावर, आफ्रिकेत त्याच्याकडे ३०० शहरं होती, असं स्ट्रेबो सांगतो. त्याने शहराची लोकसंख्या ७ लाख दिली आहे ती मात्र फुगवलेली वाटते. भिंतीच्या आत एवढी माणसं मावणार नाहीत.

या शहरांचं कार्थेजशी नातं एकसारखं नव्हतं, आणि गुंतागुंत इथेच आहे. डायोडोरस आफ्रिकेतल्या प्रजेचे चार थर सांगतो. कार्थेजमध्ये राहणारे फिनिशियन. किनाऱ्यावरच्या शहरांतले लिबी-फिनिशियन, ज्यांच्याशी कार्थेजकरांचा बेटीव्यवहार चाले. आतल्या मुलखातले शेतकरी लिबियन, जे कार्थेजचा मनापासून द्वेष करत. आणि वाळवंटापर्यंत फिरणारे नुमिडियन.

उटिकाचं स्थान सगळ्यात वरचं. ते परंपरेने कार्थेजपेक्षाही जुनं आणि तेही टायरकरांनीच वसवलेलं. इ.स.पू. २१५ मध्ये हॅनिबलने मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपशी तह केला त्यात कार्थेजबरोबर उटिकाचं नाव वेगळं लिहिलेलं आहे. बाकीची ताबेदार शहरं नुसती 'शहरं' म्हणून येतात. आजच्या ट्युनिशियातलं सूस म्हणजे तेव्हाचं हाद्रुमेटम, बिझर्त म्हणजे हिप्पो. आजच्या लिबियाच्या किनाऱ्यावर लेप्टिस, सिसिलीत मोटिया आणि पालेर्मो, सार्डिनियात कालिआरी आणि थारोस, शिवाय इबिझा बेट, स्पेनमध्ये गादिर. मोटिया इ.स.पू. ३९७ मध्ये सिराक्यूजच्या डायोनिसिअसने उद्ध्वस्त केल्यावर समोरच्या किनाऱ्यावर लिलिबेअम वसवलं, आजचं मार्साला. ते इतकं भक्कम होतं की रोमनांनी इ.स.पू. २५० पासून नऊ वर्षं वेढा दिला तरी पडलं नाही, शेवटी तहानेच हातात आलं.

यातली बहुतेक जुनी शहरं आपला कारभार आपण पाहत आणि तोही त्याच पद्धतीने, स्वतःचे सुफेत नेमून. ते किती खोल रुजलं होतं हे एका निर्घृण प्रसंगातून कळतं. इ.स.पू. २०६ मध्ये स्पेन हातचं जात असताना कार्थेजचा सेनापती मागो (हॅनिबलचा भाऊ, शेतीवाला नव्हे) गादिरला परतला तर शहराने दरवाजे बंद केले. त्याने गादिरच्या सुफेतांना आणि खजिनदाराला बोलणी करायला म्हणून बाहेर बोलावलं, फटके मारले आणि क्रुसावर चढवलं. गादिर लगेच रोमला मिळालं. सुमारे दीड हजार किलोमीटर दूरच्या शहरात तीच पदं होती, पण त्या पदांचा मान कार्थेजच्या सेनापतीने राखला नाही.

पैसा कसा येई? दोन वाटांनी. पहिली बंदरांतून. रोमशी इ.स.पू. ५०९ मध्ये झालेल्या पहिल्या तहात एक कलम आहे: रोमन व्यापाऱ्याने लिबिया (म्हणजे तेव्हाच्या भाषेत उत्तर आफ्रिका) किंवा सार्डिनियात माल विकला तर तो सरकारी दवंडीवाला किंवा कारकून हजर असतानाच विकायचा, आणि मग किंमत मिळण्याची हमी राज्य देणार. परक्या बंदरात माल उतरवणाऱ्याला याहून काय हवं? आणि राज्यालाही प्रत्येक सौदा डोळ्यांखाली हवा होता. इ.स.पू. ३४८ च्या सुमाराच्या दुसऱ्या तहात हे दोन्ही प्रदेश रोमनांना बंदच करून टाकले. एकट्या लेप्टिसकडून दिवसाला एक टॅलेंट, म्हणजे साधारण २६ किलो चांदी, कार्थेजला मिळे असं लिव्ही सांगतो. दिवसाला!

दुसरी वाट आतल्या लिबियन शेतकऱ्याच्या खळ्यातून. पहिल्या रोमन युद्धात, इ.स.पू. २६४ ते २४१, पैसा संपत आला तेव्हा कार्थेजने पिकाचा निम्मा हिस्सा घ्यायला सुरुवात केली आणि गावांवरचे कर दुप्पट केले. सवलत नाही, माफी नाही. प्रजेशी नीट वागणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा जास्तीत जास्त वसुली करून आणणाऱ्याचं कौतुक होई, असं पॉलिबिअस लिहितो आणि हान्नो नावाच्या सेनापतीचं उदाहरण देतो. युद्ध हरल्यावर भाडोत्री सैनिकांचा पगार थकला, ते उठले आणि लिबियन गावं त्यांना जाऊन मिळाली. कर न भरल्याबद्दल नवऱ्याला, बापाला धरून नेलेलं ज्यांनी पाहिलं होतं त्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून बंडाच्या खजिन्यात टाकले. तीन वर्षांहून जास्त काळ कार्थेज मरणाच्या दारात होतं. शेवटी उटिका आणि हिप्पोसुद्धा बंडवाल्यांकडे गेले.

इथेच कार्थेजच्या रचनेतली उणीव उघडी पडते. रोमने इटलीतल्या जिंकलेल्या शहरांना टप्प्याटप्प्याने नागरिकत्व दिलं, त्यांच्याकडून कराऐवजी सैनिक घेतले. कार्थेजने पैसा घेतला आणि त्या पैशाने सैनिक भाड्याने आणले. अगाथोक्लीसला आफ्रिकेत दोनशेहून अधिक गावं घेता आली, कारण त्यातली बरीच बिनतटबंदीची होती. प्रजेच्या गावाला भिंत असणं कार्थेजला सोयीचं नव्हतं. डोईजड होण्याची भीती फक्त सेनापतींपुरती नव्हती.

कारभार सगळाच असा नव्हता, हे सांगणारा दुसरा लेख मार्सेमध्ये १८४५ साली सापडला; तो मुळात कार्थेजच्या एका मंदिराचा. बळी द्यायचा तर पुजाऱ्याला किती द्यायचं याचा तो दरफलक आहे, देणग्यांच्या कामावर नेमलेल्या तीस जणांनी लावलेला. बैलाला पुजाऱ्याची दहा शेकेल चांदी, मग वासरू, मेंढा, कोकरू, पक्षी असे उतरते दर. ज्याच्याकडे जनावरं नाहीत अशा गरिबाकडून पुजाऱ्याने काहीही घ्यायचं नाही. आणि फलकापेक्षा जास्त मागितलं तर पुजाऱ्याला दंड. लिबियात निम्मं पीक ओढून नेणारं आणि घरच्या मंदिरात गरिबाला माफी देणारं सरकार एकच होतं.

हॅनिबल सुफेत होतो

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे. इ.स.पू. २२१ मध्ये हॅनिबलला सेनापती केलं ते स्पेनमधल्या फौजेने. कार्थेजच्या नागरिकांच्या सभेने त्यावर एकमताने शिक्कामोर्तब केलं. म्हणजे सैन्याने निवडायचं आणि लोकांनी मान्यता द्यायची. ज्येष्ठ आणि त्यांचे न्यायाधीश बाजूला. पॉलिबिअस म्हणतो की तोवर कार्थेजमध्ये लोकांचा आवाज सगळ्यात वर गेला होता, तर रोममध्ये सिनेट जोरात होती, आणि म्हणून रोम जिंकलं. मला हे पटत नाही. पॉलिबिअस स्किपिओच्या घराण्याचा स्नेही होता, आणि सिनेटची तारीफ हे त्याचं घरचं काम होतं.

युद्ध संपलं तेव्हा, इ.स.पू. २०१ मध्ये, कार्थेजवर १०,००० टॅलेंटची खंडणी बसली, ५० वर्षांत फेडायची. रोमला द्यायच्या हप्त्यासाठी नागरिकांवर नवा कर बसायची वेळ आली. १९६ मध्ये हॅनिबल सुफेत झाला. त्याने खजिन्याच्या अधिकाऱ्याला हिशेबासाठी बोलावलं. तो आलाच नाही. कारण मुदत संपली की तो न्यायाधीशांच्या मंडळात जाणार होता, आणि ते न्यायाधीश आता तहहयात झाले होते. सेनापतींना आवरायला नेमलेली मंडळी काळाच्या ओघात सगळ्यांचीच मालक झाली होती. प्रत्येकाची मालमत्ता, अब्रू आणि जीव त्यांच्या हातात, असं लिव्ही म्हणतो. एकाला दुखवलं की सगळे अंगावर येत.

हॅनिबलने त्या अधिकाऱ्याला पकडून नागरिकांच्या सभेपुढे उभं केलं आणि तिथल्या तिथे कायदा करून घेतला: न्यायाधीश दरवर्षी निवडायचे आणि लागोपाठ दोन वर्षं कोणी राहायचं नाही. मग जकातीचे आणि जमिनीच्या महसुलाचे हिशेब उघडले. किती येतं, किती खर्च होतं आणि मधल्यामध्ये किती जिरतं, ते सभेत सांगितलं. अफरातफर थांबवली तर रोमची खंडणी नवा कर न लावता भागते, हे त्याने दाखवून दिलं. ज्या प्रकारच्या माणसाच्या भीतीने १०४ जणांची संस्था उभी राहिली, तशाच एका सेनापतीने तिची सत्ता मोडली, आणि तीही सुफेताच्या खुर्चीत बसून, लोकांच्या मतांनी.

ज्यांचं खाणं बंद झालं ते रोमकडे धावले: हॅनिबल सीरियाचा राजा अँटिओकस याच्याशी संधान बांधतोय. १९५ मध्ये रोमचे दूत आले. त्याने काय ते ओळखलं, रात्री शहराबाहेर पडला, जहाज गाठलं आणि टायरला, कार्थेजच्या माहेरघरी, पोहोचला. परत आला नाही. हिशेब मात्र सुधारलेलेच राहिले असावेत, कारण १९१ मध्ये कार्थेजने उरलेली सगळी खंडणी एकरकमी द्यायची तयारी दाखवली. रोमने नकार दिला. कर्जदार मोकळा झालेला त्यांना नको होता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १४९ मध्ये रोमने शस्त्रं मागितली. कार्थेजने २ लाख चिलखतांचे संच आणि २,००० दगडफेकी यंत्रं दिली. मग रोमने शहरच सोडायला सांगितलं, आणि तेव्हा ते लढले. १४६ मध्ये शहर पेटवलं, ५०,००० माणसं गुलाम झाली. जमिनीत मीठ पेरल्याची गोष्ट कुठल्याही प्राचीन लेखकाने सांगितलेली नाही. ती फार नंतरची भर. ऐन वेळी रोमला मिळालेल्या उटिकाला नव्या प्रांताची राजधानी होण्याचं बक्षीस मिळालं.

सुफेत मात्र कार्थेजबरोबर संपले नाहीत. रोमन आफ्रिकेतली कित्येक शहरं आणखी दोन-अडीचशे वर्षं आपले सुफेत निवडत राहिली. लेप्टिसमध्ये अन्नोबाल तापापिअस रुफुस नावाच्या धनाढ्य सुफेताने बाजारपेठ आणि नाट्यगृह बांधलं, आणि त्यावरचा लेख लॅटिन आणि प्युनिक (कार्थेजची भाषा) अशा दोन्ही भाषांत कोरला. सम्राट ट्रेजनने इ.स. ११० च्या सुमारास लेप्टिसला रोमन वसाहतीचा दर्जा दिला तेव्हा तिथलं सुफेतपद बंद झालं आणि त्या जागी रोमन पद्धतीचे दोन अधिकारी आले. त्या बदलाच्या वेळी सुफेत असलेला एक गृहस्थ नव्या व्यवस्थेतही सगळ्यात वरच्या पदावर बसला. त्याचं नाव लुसिअस सेप्टिमिअस सेव्हेरस, आणि त्याच नावाचा त्याचा नातू इ.स. १९३ मध्ये रोमचा सम्राट झाला.